मैत्रीण मायग्रेशनला गेली, ही मागे राहिली : एका नवोदयातलं प्रकरण

जवाहर नवोदय विद्यालयात शिकलेल्या कुणालाही ‘मायग्रेशन’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर ही निवासी विद्यालयं उभी राहिली. त्याआधी, १९८५-८६ मध्ये, हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला पहिली दोन विद्यालयं प्रयोग म्हणून सुरू झाली होती. सहावीला प्रवेश परीक्षा होते, वर्षाला साधारण ८० मुलं घेतली जातात आणि त्यांतली किमान तीन चतुर्थांश ग्रामीण भागातली असतात. राहणं, जेवण, शिक्षण सगळं बारावीपर्यंत तिथेच. नववीत त्यांतली सुमारे ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या, जोडीच्या नवोदयात राहायला जातात, हेच ते मायग्रेशन. महाराष्ट्रातली मुलं हिंदी भाषिक राज्यात जातात, तिकडची इकडे येतात.

८० च्या वर्गातून २४ जातात. ५६ मागे राहतात. हे प्रकरण त्या ५६ मधल्या एका मुलीचं आहे.

जाणाऱ्या मुलांची आपण काळजी घेतो. त्यांच्या पालकांची सभा होते, सोबत शिक्षक जातात, पेटीत काय भरायचं याची यादी मिळते, तिकडे पोचल्यावर फोन होतात. मागे राहणाऱ्यांसाठी यातलं काही नसतं, कारण ती कुठेच गेलेली नसतात. त्यांचा पलंग, मेस, वर्ग सगळं तेच असतं. म्हणून त्यांचं काही हरवलंय हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच.

मुलीची आणि तिच्या आईवडिलांची संमती घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुणाचंही नाव दिलेलं नाही.

तक्रार काय होती

मी निवासी शाळांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये समुपदेशनाचं काम करते. ऑगस्टच्या मध्याला मुलींच्या एका हाउसच्या, म्हणजे वसतिगृहातल्या एका गटाच्या, देखरेख करणाऱ्या मिस्ट्रेस मॅडमनी मला बोलावलं. मुलगी चौदा वर्षांची, नववीतली. पहाटे पी.टी.ची शिट्टी झाली की तिच्या पोटात दुखायला लागतं. रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये जाते, ताट वाढून घेते आणि अर्धं तसंच ठेवते. शाळेच्या नर्सताईंनी तपासलं, ग्रामीण रुग्णालयात नेऊन तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घटक चाचणीत गणिताचे गुण बरेच घसरले. रविवारी शाळेच्या फोनवरून घरी बोलताना रडायची आणि वडिलांना एकच सांगायची, “पप्पा, माझा दाखला काढा.”

सगळ्यांनी एकच अर्थ लावला होता : घरची आठवण. घरची आठवण आली की मूल खाणं टाकतं, त्याचं पोट दुखतं, ते रडतं, ही निवासी शाळेत सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट. मॅडमना मात्र एक गोष्ट खटकली होती. ही मुलगी सहावीत आली तेव्हा खूप रडली होती, मग रुळली आणि पुढे तीन वर्षं तिची काही तक्रार नव्हती. “सहावीतल्या मुलीसारखं नववीत का रडतेय?” हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता.

पहिल्या दोन भेटी

पहिल्या भेटीत ती फारशी बोलली नाही. “मॅडम, मला घरी जायचंय,” एवढंच पुन:पुन्हा. म्हणून मी घराबद्दल विचारलं. ते तिने नीट, एकेक करून सांगितलं. पत्र्याचं घर, दारात शेवगा, धाकटा भाऊ, अंगणवाडीत मदतनीस असलेली आई, दुसऱ्याचा टेम्पो चालवणारे वडील, दोन एकर कोरडवाहू रान. सांगताना आवाज स्थिर होता, भावाच्या खोड्या सांगताना किंचित हसलीही. मग मी डॉर्मिटरीबद्दल विचारलं आणि तिचे डोळे भरून आले.

हे नेहमीपेक्षा उलटं होतं. घराच्या आठवणीने व्याकुळ झालेलं मूल घराचा विषय निघाला की कोसळतं. ही मुलगी घराबद्दल बोलताना सावरत होती.

त्याच भेटीत मी तिला स्पष्ट विचारलं की जगूच नये, स्वतःला काही करून घ्यावं, असं कधी मनात येतं का. हा प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेली गोष्ट शिरते ही भीती अनेक शिक्षकांना असते. ती खरी नाही, विचारलं पाहिजे. तिने सरळ नजरेने “नाही” म्हटलं. झोप लागत होती, वर्गात लक्ष कमी असलं तरी खेळाच्या तासाला खो-खो खेळत होती. उदासी दिवसभर आणि सलग दोन आठवडे टिकून असती, खेळही सुटला असता, वजन उतरलं असतं, तर मी तिला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवलं असतं. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मॅडमकडे दिला. तिथे चोवीस तास मराठीत बोलता येतं, आणि रात्री दोन वाजता एखादी मुलगी बिथरली तर मॅडमनाही कुणाचा तरी आधार हवा असतो.

दुसऱ्या भेटीआधी तिला एक कागद दिला होता. उठल्यापासून दिवे घालवेपर्यंतचे तास, आणि प्रत्येक तासासमोर शून्य ते पाच, किती जड गेलं ते. तिने आठवडाभर प्रामाणिकपणे भरला. चार-पाचचे आकडे तीनच ठिकाणी होते : पहाटे उठताना, रात्री मेसच्या रांगेत आणि रविवारी दुपारी.

पहाट आणि रात्र यांचं नवल नव्हतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ शर्ली फिशर यांनी १९८० च्या दशकात निवासी शाळांतल्या मुलांवर काम केलं. हात आणि डोकं कशात गुंतलेलं नसलं की घरची ओढ उसळून येते, असं त्यातून दिसतं. पण मग शनिवारची संध्याकाळही तितकीच रिकामी असते, आणि तिथे तिने एक लिहिला होता. म्हणून विचारलं, “या तीन वेळांना आठवीपर्यंत काय व्हायचं गं?”

तिने मैत्रिणीचं नाव घेतलं, आणि मग बराच वेळ रडली. उत्तर प्रदेशातल्या नवोदयात जुलैत जी मुलं गेली, त्यांत ती होती.

नेमकं काय गेलं

इथे थोडं थांबून लिहायला हवं, कारण ‘मैत्रीण गेली’ एवढ्या दोन शब्दांत हे मावत नाही.

सहावीत दोघी एकाच हाउसमध्ये आल्या, पलंग वरखाली. मैत्रीण दुसऱ्या तालुक्यातली, बोलकी. तिचा मोठा भाऊ नवोदयातच शिकलेला, त्यामुळे रोल कॉलला कुठे उभं राहायचं, मेसमध्ये दुसऱ्यांदा कधी वाढतात, कपडे कोणत्या दोरीवर वाळतात, हे तिला येतानाच ठाऊक होतं. रडणाऱ्या या मुलीला तिने शेजारी बसवलं आणि तेव्हापासून ती जागा ठरून गेली. पहाटे पाय हलवून हिला उठवायचं काम तिचं. मेसच्या रांगेत ही पुढे, ती मागे. रविवारी जेवणं झाल्यावर दोघी डॉर्मिटरीच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या, वेण्या घालायच्या.

आणि पालक भेट. महिन्यातल्या एका रविवारी पालक मुलांना भेटायला येतात. झाडाखाली सतरंज्या पडतात, डबे उघडतात. या मुलीच्या आईवडिलांना दर महिन्याला यायला जमत नसे. दोन एसट्या बदलून यावं लागतं, आणि टेम्पोची फेरी बुडाली की त्या दिवसाचे पैसे बुडतात. मैत्रिणीची आई मात्र न चुकता यायची आणि येताना दोन डबे आणायची. दुसरा डबा हिचा. त्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे. काकू हिच्या केसांवरून हात फिरवायच्या, अभ्यासाचं विचारायच्या, “आईला माझा निरोप सांग” म्हणायच्या. तीन वर्षं या मुलीचा पालक भेटीचा रविवार काकूंनी सांभाळला होता.

मैत्रीण गेली तसं काकूंचं येणं साहजिकच थांबलं. लेकच इथे नाही तर त्या कशाला येतील? ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मुलीलाही ती शब्दांत सांगता आली नव्हती. जुलै आणि ऑगस्टच्या पालक भेटीला ती डॉर्मिटरीत चादर ओढून पडून होती. “बरं वाटत नाही” असं तिने सांगितलं होतं.

म्हणजे एक माणूस गेलं, आणि त्यासोबत उठणं, जेवणं, न्हाणं-माखणं आणि महिन्यातून एकदा कुणीतरी आपलं म्हणून येणं, एवढं सगळं एकाच आठवड्यात उखडलं. अनोळखी जागी मूल निर्धास्त हिंडतं ते मागे ओळखीचं, विश्वासाचं माणूस आहे या भरवशावर, असं ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. घरी ते माणूस बहुधा आई असते. वसतिगृहात अकरा वर्षांच्या मुलीला ते माणूस शोधावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा दुसरं अकरा वर्षांचंच मूल असतं. या मुलीने नवोदयाशी जुळवून घेतलं, असं तीन वर्षं सगळे समजत होते. तिने मैत्रिणीशी जुळवून घेतलं होतं आणि मैत्रिणीच्या आधाराने ती नवोदयात राहत होती. तो आधार निघाल्यावर मन त्याच्या आधीच्या ठिकाणी परतलं, ते म्हणजे घर. सहावीतलं रडणं नववीत परत आलं ते या वाटेने.

हे माझं त्या वेळचं अनुमान होतं. ते बरोबर असल्याचं पुढे गौरी-गणपतीत दिसलं.

घरी नेलं तेव्हा

पालकांनी रजेचा अर्ज देऊन तिला चार दिवस घरी नेलं. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांवर प्रबंध लिहिला. त्यात बर्नहून बाझेलला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिगत आहे. तो खंगत गेला, शेवटी त्याला घरी न्यायला निघाले आणि वाटेतच त्याची तब्येत सुधारू लागली. घर हेच दुखणं असेल तर घर हेच औषध, असा तो सरळ हिशोब.

या मुलीच्या बाबतीत तो हिशोब लागला नाही. पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी ती गप्प झाली. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना उठून मागच्या दाराला जाऊन रडली. तिच्या आईने मला फोन केला, फार घाबरल्या होत्या. “मॅडम, घरी आणलं तरी रडते. हिला हवंय तरी काय?”

परत आल्यावर तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. “गावातल्या मुली आता त्यांच्यात त्यांच्यात बोलतात. भाऊ मित्रांकडे. आई कामाला. मला वाटलं होतं घरी गेलं की थांबेल.” थोड्या वेळाने म्हणाली, “तिथेपण ती नव्हती.”

त्या दिवसापासून आम्ही ‘घरची आठवण’ म्हणून चाललेली समजूत घालणं बंद केलं. मैत्रिणीसाठी रडायला येतं, हे मॅडमनी तिच्यासमोर मोकळेपणाने म्हटलं. इतकं रडण्यासारखं ते आहे, हे मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणं तिला फार गरजेचं होतं. तोपर्यंत तिला वाटत होतं की आईवडिलांसाठी रडणं समजण्यासारखं, मैत्रिणीसाठी रडणं म्हणजे नाटक. इतर मुली तसं बोलल्याही होत्या.

काय केलं

सर्वांत आधी वडिलांचा शब्द. त्यांनी फोनवर कळवळून सांगून टाकलं होतं, “नाहीच करमलं तर लगेच येऊन घेऊन जातो.” ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ मध्ये बालरोगतज्ज्ञांसाठी मुलांच्या घरच्या ओढीवर एक लेख लिहिला. त्यात पालकांना असं आश्वासन देऊ नका असं बजावलं आहे. मुलाला त्यातून कळतं की तुला हे जमणार नाही असं आईबापांनाच वाटतंय, आणि मग ते रुळण्याचा प्रयत्नच सोडतं. माझा अनुभवही तसाच आहे. पण बापाने दिलेला शब्द मागे घ्यायला लावणं मला पटत नव्हतं. एक माणूस नुकतंच गेलंय, त्यात वडिलांचा शब्दही मोडला असं तिला वाटलं असतं. म्हणून त्यांनी असं सांगितलं : “दाखल्याचं आपण बोलू. पण फोनवर नाही. दिवाळीत घरी आलीस की तू, मी, आई बसून ठरवू. तुझं म्हणणं शेवटचं.” शब्द राहिला, फक्त त्याला जागा आणि वेळ मिळाली. त्यानंतरच्या रविवारपासून फोनवर दाखल्याचा विषय निघाला नाही.

मग पालक भेटीचा रविवार. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग या एका गोष्टीचा झाला, आणि ती सुचली मुलीच्या आईला. मैत्रिणीच्या आईचं आणि यांचं वर्षानुवर्षं निरोपांवर चाललेलं. यांनी फोन करून सांगितलं की पोर अशी अशी झुरतेय. काकूंनी विचारलं, “मी गेले तर चालेल का?” या शाळेत भेटायला कोण येणार त्यांची नावं पालकांनी आधी लिहून द्यावी लागतात. वडिलांनी अर्ज केला, प्राचार्यांनी सही केली आणि सप्टेंबरच्या रविवारी काकू आल्या. लेक हजार किलोमीटरवर असताना दुसऱ्याच्या लेकीसाठी एस.टी.ने आल्या, सोबत एकच डबा घेऊन. दोघी दोन तास बसल्या होत्या.

त्या भेटीत काकूंनी तिला एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. मैत्रीणही तिकडे रडत होती. अरहरची डाळ-भात रोज खाऊन कंटाळली होती, वर्गातला विनोद कळायला तिला उशीर व्हायचा, रात्री आईशी बोलताना आवाज फुटायचा.

हे महत्त्वाचं होतं, कारण मैत्रिणीच्या पहिल्या पत्रात सगळं छान छान होतं. नवीन शाळा मोठी आहे, मैदान मस्त आहे, तिथे मराठी शिकवणाऱ्या मॅडम आहेत, खूप मैत्रिणी झाल्या. (जोडीच्या नवोदयात तिसरी भाषा म्हणून मराठी शिकवली जाते, त्यामुळे तिकडे मराठीचे शिक्षक असतात.) हिने ते पत्र वाचून घडी करून पेटीच्या तळाशी टाकलं होतं आणि उत्तर लिहिलं नव्हतं. “ती मजेत आहे, मी कशाला रडगाणं लिहू,” असं मला म्हणाली होती. तिकडची मुलगी हिला काळजी नको म्हणून हसत होती, आणि त्या हसण्याने ही आणखी एकटी पडत होती. मोठी माणसंही दूर गेलेल्या माणसांशी असंच बोलतात, चौदा वर्षांच्या मुलींना त्यात काय दोष द्यायचा.

काकूंच्या भेटीनंतर तिने पहिल्यांदा खरं पत्र लिहिलं. दोन्ही शाळांत मुलींना मोबाइल ठेवायला परवानगी नाही आणि फोनच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे पत्र हाच मार्ग होता. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं, कार्ड पन्नास पैशांना. उत्तर यायला दोन-तीन आठवडेही लागत. मी तिला एवढंच सुचवलं की पत्र रविवारी दुपारीच लिही, त्याच पायऱ्यांवर, ज्या वेळेसमोर तू पाच लिहिला होतास. रिकामा झालेला तो तास पत्राने भरला. आणि बोलताना रडू येतं म्हणून जे राहून जातं, ते लिहिता येतं. पुढच्या पत्रात मैत्रिणीनेही खरं लिहिलं. ते पत्र तिने मला दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.

पहाटेचं दुखणं सर्वांत हट्टी निघालं. तिथे मॅडमनी एक साधं काम केलं. वरच्या पलंगावर आता दुसरी मुलगी झोपत होती, आणि ही अजून खालच्या पलंगावर डोळे उघडून वर बघायची. मॅडमनी विचारलं, “इथेच राहायचं की जागा बदलायची? तू सांग.” तिने दोन दिवस विचार केला आणि खिडकीजवळचा पलंग मागितला. मायग्रेशन तिला विचारून झालं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत तिच्या मर्जीने झालेली ही पहिली गोष्ट होती. पोटदुखी त्यानंतर हळूहळू कमी झाली, एका दिवसात नाही.

वरच्या पलंगावरची मुलगी

मैत्रिणीच्या जागी आलेली मुलगी उत्तर प्रदेशातून मायग्रेशनवर आली होती. सुरुवातीला मॅडमच्या मनात होतं की या दोघींची जोडी लावून द्यावी. एक मैत्रीण गेली, दुसरी आली, दोघींना सोबत होईल. मी थांबायला सांगितलं. गेलेल्या माणसाच्या जागी लगेच दुसरं माणूस बसवलं की मूल त्या दुसऱ्या माणसाचाच राग करू लागतं. ही तर त्या मुलीकडे बघतही नव्हती, आणि त्या बिचारीला कळत नव्हतं की आपलं काय चुकलं.

पलंग बदलल्यावर ही अढी सैल झाली. ऑक्टोबरमध्ये त्या मुलीला मराठीत एक अर्ज लिहायचा होता. पुस्तकातलं मराठी तिला येत होतं, पण अर्जाच्या भाषेत ती अडली. तिने हिला विचारलं. मग हिने हिंदीच्या निबंधात तिची मदत घेतली. एका रविवारी ती पायऱ्यांवर एकटी केस विंचरत बसली होती, लांब केस, गुंता सुटत नव्हता. ही पत्र लिहीत होती. पत्र बाजूला ठेवून तिने तिची वेणी घातली. मला हे मॅडमनी सांगितलं. मुलीला विचारलं तर म्हणाली, “तिला तिकडे तिची मोठी बहीण घालून द्यायची.”

त्या दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. त्यांचं बरं जमलं, एवढं खरं. मेसच्या रांगेत ती हिच्या मागे उभी राहत नसे. ती जागा वर्षभर कुणाचीच नव्हती, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

दिवाळी, आणि नंतर

दिवाळीत घरी तिघांनी बसून बोलणं झालं. तिने दाखला नको म्हणून सांगितलं. वडिलांनी दोनदा विचारलं, “नक्की ना?” ताट पूर्ण संपू लागलं होतं. गणित मात्र लगेच सावरलं नाही. त्याला वार्षिक परीक्षा उजाडली.

जानेवारीत ती पुन्हा खचली. मैत्रिणीची पत्रं विरळ झाली होती. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत ती आजारी असेल, असं हिने आधी मनाला समजावलं. खरं कारण असं होतं की मैत्रीण तिकडे रुळली होती, तिथे तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या, स्नेहसंमेलनात ती नाचात होती. पहिल्या पत्रात जे खोटं होतं ते आता खरं झालं होतं. हे पचवणं ऑगस्टपेक्षा अवघड होतं, कारण आता रागही होता, आणि त्या रागाची लाज. यावर माझ्याकडे काही युक्ती नव्हती. आम्ही दोन-तीनदा बोललो. ती रुळली याचं तुला बरं वाटतं का, असं विचारलं तेव्हा तिने बराच वेळ घेऊन सांगितलं की बरंही वाटतं आणि नाहीही. दोन्ही खरं आहे असं मी म्हटलं. काकू फेब्रुवारीत पुन्हा येऊन गेल्या.

वर्ष संपल्यावर मैत्रीण परतली. सगळ्यांना वाटलं आता प्रश्न मिटला. पहिले काही आठवडे दोघी एकमेकींशी अवघडून वागत होत्या. मैत्रिणीच्या बोलण्यात हिंदी शब्द सहज यायचे, तिकडच्या आठवणी निघायच्या, आणि ही ऐकत राहायची. मैत्रिणीला इथे परतल्यावर तिकडची आठवण येत होती. मायग्रेशनहून आलेल्या कितीतरी मुलांचं असं होतं. दहावीत त्या एकाच हाउसमध्ये आहेत. पलंग वरखाली नाहीत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, खिडकीजवळचा पलंग हिला सोडायचा नव्हता. पालक भेटीला काकू पुन्हा दोन डबे आणतात.

मॅडमनी पुढच्या वर्षापासून एक काम सुरू केलं आहे. आठवी संपताना मायग्रेशनला जाणाऱ्या मुलींची यादी लागते, त्याच दिवशी त्या मागे राहणाऱ्या मुलींचीही यादी करतात आणि प्रत्येकीला एकेकटं बोलावून तीन गोष्टी विचारतात : सकाळी तुला कोण उठवतं, मेसमध्ये कुणाजवळ बसतेस, पालक भेटीला तुझ्याकडे कोण येतं. तिन्ही उत्तरांत जाणाऱ्याच मुलीचं किंवा तिच्या घरच्यांचं नाव आलं, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातच त्या मुलीकडे लक्ष द्यायचं आणि भेटीच्या यादीत आणखी कुणाचं नाव घालता येईल ते तिच्या पालकांना सुट्टीतच विचारून ठेवायचं. पहिल्या वर्षी अशा चार मुली निघाल्या. मुलग्यांच्या हाउसमध्ये हे अजून सुरू झालेलं नाही. तिथल्या हाउस मास्तरांशी आमचं बोलणं चालू आहे.